डॉक्टरांचा संप : भांडण कशावरून होतं आणि किंमत कोण मोजतं?

आजच्या भागात आपण डॉक्टरांच्या संपाबद्दल बोलणार आहोत.

दुबई, शारजा, अबुधाबी, अल ऐन, आपण राहतो कुठेही, पण आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील, सासूसासरे, काका-मावश्या महाराष्ट्रातच आहेत. त्यामुळे 'मार्डचा संप', 'ओपीडी बंद' अशी बातमी आली की ती आपल्यासाठी लांबची राहत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तासाभरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "पेशंटला वेठीला धरणं हा गुन्हा आहे. करदात्यांच्या पैशावर शिकले आणि आता संप करतात." दुसरा म्हणतो, "छत्तीस तास ड्यूटी तुम्ही करून दाखवा, मग बोला." मग कुणाचा तरी भाचा डॉक्टर असतो, कुणाच्या तरी आत्याचं ऑपरेशन पुढे ढकललेलं असतं, आणि वाद घरगुती होतो.

मी डॉक्टर नाही. माझं काम आयटी सल्लागाराचं. करार वाचणं, कोणत्या ओळीत कुणावर किती जोखीम टाकली आहे ते शोधणं, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. म्हणून आज 'डॉक्टर चांगले की वाईट' हा प्रश्न बाजूला ठेवतो. संप करारातल्या कोणत्या गोष्टीवरून होतो, तो परत परत का होतो, आणि तो न होण्यासाठी काय असायला हवं, एवढंच समजून घेऊ.

संप करणारे डॉक्टर कोण?

महाराष्ट्रात संपाची बातमी येते तेव्हा ती बहुतेक वेळा निवासी डॉक्टरांची असते. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस पूर्ण करून एमडी किंवा एमएससाठी तीन वर्षं जे सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात राहतात, ते निवासी डॉक्टर. त्यांची संघटना म्हणजे मार्ड. मुंबईचं केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्याचं ससून, संभाजीनगरची घाटी, नागपूरचं मेडिकल आणि मेयो. या रुग्णालयांत रात्री दोन वाजता वॉर्डात जो डॉक्टर जागा असतो, तो बहुधा हाच.

त्याची अडचण अशी की तो एकाच वेळी विद्यार्थीही असतो आणि कर्मचारीही. त्याला पगार मिळत नाही, 'विद्यावेतन' मिळतं. पण त्याच्याशिवाय रुग्णालय चालत नाही. परीक्षा त्याच्या वरिष्ठांच्या हातात, हजेरीही त्यांच्याच हातात. कामाचे तास जास्त झाले म्हणून तक्रार कुणाकडे करायची? ज्यांच्याकडून शिकायचं त्यांच्याकडेच. आपल्यासारखा कंपनीतला माणूस फार तर राजीनामा देऊन दुसरीकडे जातो. निवासी डॉक्टरने मध्येच जागा सोडली तर त्याला मोठी रक्कम भरावी लागते आणि एवढ्या मेहनतीने मिळवलेली जागा जाते. शिवाय शिक्षण संपल्यावर सरकारी सेवेचं बंधपत्र असतं. ते पाळलं नाही तर महाराष्ट्रात एमबीबीएससाठी १० लाख, पदव्युत्तरसाठी ५० लाख आणि अतिविशेषज्ञ शाखेसाठी २ कोटी रुपये दंड ठरवलेला आहे.

बंधपत्रात चूक काही नाही. सरकारी पैशावर शिकलेल्या माणसाने काही काळ सरकारी सेवा द्यावी, हे योग्यच आहे. पण दोन पक्षांपैकी एकाला बाहेर पडायला जागा नसेल, तर दुसऱ्याने दिलेला शब्द पाळला जाईल याची हमी जास्त पक्की असायला हवी. नेमकी तीच तिथे कच्ची असते.

तासांचा हिशेब

कामाच्या तासांचंच घ्या. ५ जून १९९२ रोजी केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी एक योजना लागू केली. त्यात लिहिलं आहे की सलग काम साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावं आणि आठवड्याला ४८ तास असावेत. अठ्ठेचाळीस! इथे अमिरातीच्या कामगार कायद्यातही आठवड्याची कमाल मर्यादा ४८ तासांचीच आहे. म्हणजे कागदावर निवासी डॉक्टर आणि आपण सारखेच.

प्रत्यक्षात काय झालं? २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत आकडाच नाही. 'वाजवी तास' आणि 'वाजवी विश्रांती' असे शब्द आहेत. आणि २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाने शिफारस केली की निवासी डॉक्टरांचे तास आठवड्याला ७४ पेक्षा जास्त नसावेत. बत्तीस वर्षांपूर्वी ४८ लिहिले होते, आणि आता ७४ ही सुधारणा म्हणून सुचवावी लागते. त्यावरून खरे तास किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

तासांचा हा प्रश्न फक्त डॉक्टरांच्या सोयीचा नाही, हे न्यूयॉर्कने चाळीस वर्षांपूर्वी पाहिलं. १९८४ मध्ये तिथल्या एका रुग्णालयात लिबी झायन नावाच्या १८ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. तिच्यावर उपचार करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांचे लांबलचक तास आणि त्यांच्यावर वरिष्ठांची अपुरी देखरेख, यावर तिच्या वडिलांनी प्रश्न उभा केला. समिती नेमली गेली आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास अशी मर्यादा घातली. ही मागणी संपातून आली नव्हती, एका रुग्णाच्या घरातून आली होती. म्हणून तासांवर वाद सुरू झाला की लक्षात ठेवा, त्या ओळीत डॉक्टरच्या झोपेसोबत आपल्या माणसाची सुरक्षितताही लिहिलेली असते.

आश्वासन, वाट, संप, जीआर

आता संप परत परत का होतो ते पाहू. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, विद्यावेतनाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्डने ७ तारखेपासून संपाची हाक दिली होती. विद्यावेतन वाढवा, ते वेळेवर द्या, वसतिगृहं राहण्यासारखी करा, या मागण्या. सरकारसोबत बैठक झाली, आश्वासन मिळालं, संप मागे घेतला. पुढचे दोन आठवडे लेखी काही हातात आलं नाही. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी संप सुरू झाला. त्यानंतर काही दिवसांतच विद्यावेतनात दरमहा १०,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. मग रुग्णांचे ते दिवस कशासाठी गेले? वाढ द्यायची की नाही, यावर सरकार आणि डॉक्टर यांच्यात फारसा मतभेद उरलाच नव्हता. उरला होता फक्त कागद. आधी कबूल झालेली गोष्ट लेखी मिळवण्यासाठी संप करावा लागला.

दुसरं, सुरक्षेचं. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात एका डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी इतकी मारहाण केली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पाठोपाठ आणखी रुग्णालयांत मारहाणीच्या घटना घडल्या. २० मार्चपासून राज्यातले हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना कडक शब्दांत कामावर परतायला सांगितलं. सरकारने ११०० सुरक्षारक्षक नेमण्याचं कबूल केलं. आणि खरं तर डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१० पासूनच होता, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद असलेला. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या अत्याचार आणि खुनानंतर महाराष्ट्रातले निवासी डॉक्टर १३ तारखेपासून पुन्हा संपावर गेले, तेव्हा मागण्यांच्या यादीत सुरक्षा पुन्हा वरच होती. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन राष्ट्रीय कृती दल नेमावं लागलं.

तिसरं उदाहरण निवासी डॉक्टरांचं नाही, पण कराराचा प्रश्न तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात हजारो लोक वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करतात. त्यांत वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका, तंत्रज्ञ असे सगळे आहेत. खेड्यातलं उपकेंद्र उघडं असतं ते या माणसांमुळे. 'आम्हाला कायम सेवेत घ्या' म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी मोठा संप केला. १४ मार्च २०२४ रोजी शासन निर्णय निघाला की दहा वर्षं सेवा झालेल्यांचं टप्प्याटप्प्याने समायोजन करायचं. या वेळी कागद हातात आला. पण अंमलबजावणी रखडली, म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून तेच कर्मचारी पुन्हा संपावर गेले.

तिन्ही उदाहरणांत क्रम सारखाच आहे. तोंडी आश्वासन, वाट पाहणं, संप, मग जीआर. जीआर निघाला तर त्यात तारीख नाही, तारीख असेल तर ती चुकल्यावर काय होणार ते नाही. माझ्या क्षेत्रात कोणत्याही सेवेच्या करारात दोन गोष्टी आधी बघतात. काम कधीपर्यंत होणार, आणि नाही झालं तर कुणाला काय भरावं लागणार. दुसरी गोष्ट नसेल तर पहिलीला अर्थ राहत नाही. सरकारने तारीख चुकवली तर आज त्याला काहीच भरावं लागत नाही. भरतो तो ओपीडीच्या रांगेतला माणूस.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

तसं नाही. इंग्लंडमध्ये कराराच्या ओळीओळीवरून संप झाला, आणि आपल्यापैकी अनेकांच्या नात्यातले डॉक्टर तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत आहेत, म्हणून तेही थोडक्यात सांगतो.

तिथल्या जुन्या करारात सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ७ ही 'साधी वेळ' होती. बाकीच्या वेळेला जास्त मोबदला. सरकारला आठवड्याचे सातही दिवस सेवा वाढवायची होती. म्हणून प्रस्ताव आला की साधी वेळ सोमवार ते शनिवार, सकाळी ७ ते रात्री १० अशी धरावी. बदल्यात मूळ वेतन वाढवू. ऐकायला ठीक वाटतं. पण ज्यांची पाळी रात्री आणि शनिवारीच जास्त असते, त्यांच्या हिशेबात ही वेतनवाढ एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेतल्यासारखी होती. शिवाय जुन्या पद्धतीत रुग्णालयाने डॉक्टरला ठरल्यापेक्षा जास्त राबवलं तर रुग्णालयाचा खर्च वाढायचा, म्हणून रुग्णालय आपणहून तास आवरायचं. तो लगाम सुटेल, अशी डॉक्टरांना भीती होती. आपल्याकडे एखादा क्लायंट 'शनिवारचा सपोर्टही त्याच पैशात धरा' म्हणतो तेव्हा आपण काय उत्तर देतो, ते आठवून पाहा.

२०१५ च्या शेवटी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या मतदानात ९८ टक्के कनिष्ठ डॉक्टरांनी संपाच्या बाजूने कौल दिला. १२ जानेवारी २०१६ पासून संप सुरू झाले. २६ आणि २७ एप्रिलला तर सकाळी ८ ते संध्याकाळी ५ पर्यंत त्यांनी तातडीची सेवाही थांबवली. ती त्या काळात वरिष्ठ डॉक्टरांनी सांभाळली. लोकमत काय होतं? इप्सॉस मोरीच्या पाहणीत जानेवारीत ६६ टक्के लोक डॉक्टरांच्या बाजूने होते. तातडीची सेवा थांबणार म्हटल्यावर एप्रिलमध्ये हा आकडा ५७ वर आला. म्हणजे लोक डॉक्टरांवर रागावलेले नव्हते, पण तातडीच्या सेवेजवळ त्यांची एक रेघ होती.

मे २०१६ मध्ये मध्यस्थामार्फत तडजोड झाली. सरकारने शनिवारबद्दल बरंच मागे घेतलं, आणि प्रत्येक रुग्णालयात कामाच्या तासांवर लक्ष ठेवणारा एक स्वतंत्र 'राखणदार' नेमायचं ठरलं. तरीही जुलैत ५८ टक्के डॉक्टरांनी ती नाकारली. मग सरकारने करार लादला. शेवटी सुधारलेला करार २०१९ मध्ये ८२ टक्के मतांनी मान्य झाला. पण त्यात वेतनवाढ ठरावीक टक्क्यांची होती आणि पुढे महागाई भडकली. २०२३ मध्ये पुन्हा संप, २०२४ मध्ये दोन वर्षांची मिळून सरासरी २२.३ टक्के वाढ, आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा पाच दिवसांचा संप.

इंग्लंडकडून धडा असा की लादलेला करार भांडण संपवत नाही, फक्त पुढे ढकलतो. तो 'राखणदार' मात्र घेण्यासारखा आहे. तासांची नोंद ठेवणारा माणूस वेगळा असला की तक्रार संपापर्यंत जायच्या आधी कुठेतरी ऐकली जाते.

आणि डॉक्टरांचा प्रत्येक संप लोकहिताचाच असतो, असंही समजू नका. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांनी २३ दिवसांचा संप केला, तो सरकारी आरोग्य विमा योजनेच्या विरोधात. योजना टिकली, आणि पुढे तिच्यावरच कॅनडाची आजची आरोग्य व्यवस्था उभी राहिली. म्हणून 'डॉक्टर म्हणतात म्हणजे बरोबर' हेही चालणार नाही. मागणी काय आहे ते वाचावंच लागतं.

संपात माणसं दगावतात का?

ग्रुपवर सगळ्यात जोरात भांडण होतं ते या प्रश्नावर. अभ्यास याबाबत बरंच सांगतात. वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांच्या संपांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाहिलेल्या संपांच्या काळात मृत्यूंचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, काही ठिकाणी किंचित कमीही झालं. इंग्लंडच्या २०१६ च्या संपांवरच्या अभ्यासातही मृत्यूंत मोजता येईल असा फरक आढळला नाही.

हे ऐकून काही लोक टिंगल करतात की 'डॉक्टर नसले की माणसं जगतात'. अर्थ तसा नाही. संपात ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेत थोडा धोका असतोच. तो त्या आठवड्यात नसतो, पुढे जातो. शिवाय अनुभवी डॉक्टर त्या दिवसांत स्वतः कॅज्युअल्टीत उभे राहतात. हे जिथे वरिष्ठ डॉक्टर पुरेसे आहेत तिथे जमतं. जिल्ह्याच्या रुग्णालयात वरिष्ठांचीच पदं रिकामी असतील, तर तो निष्कर्ष तसाच्या तसा उचलून लावता येत नाही.

आणि मृत्यू हेच एकमेव माप नाही. इंग्लंडच्या त्याच संपांत अपेक्षेपेक्षा एक लाखाहून अधिक बाह्यरुग्ण भेटी रुग्णालयांना रद्द कराव्या लागल्या. आता हे घाटीच्या ओपीडीत आणून बघा. जालन्याच्या एखाद्या गावातून पहाटेची एसटी पकडून आलेली बाई. एका दिवसाची मजुरी बुडालेली, सोबतच्या मुलाचीही बुडालेली, तिकिटाचे पैसे वेगळे. 'पुढच्या सोमवारी या' एवढंच ऐकून ती परत जाते. तिची नोंद मृत्यूंच्या तक्त्यात होत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो त्याच दिवशी खासगी दवाखान्यात जातो. संपाची खरी किंमत या बाईने मोजलेली असते, आणि बैठकीच्या टेबलाभोवती तिला खुर्ची नसते.

मग संपावर बंदी घालावी का?

भारतात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे निकाल दिलेले आहेत. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की तातडीचे उपचार मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ती सरकारची जबाबदारी आहे. २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही. महाराष्ट्र सरकारकडे मेस्माचं हत्यार आहेच. अत्यावश्यक सेवेतला संप त्याखाली बेकायदा ठरवता येतो.

पण मेस्मा फक्त दार बंद करतो, दुसरं उघडत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची भूमिका इथे उपयोगी आहे. रुग्णालयासारख्या सेवेत सरकार संपावर बंधन घालू शकतं, असं ती मानते. पण मग त्या बदल्यात निःपक्षपाती आणि जलद मध्यस्थी, आणि शेवटी दोघांनाही बांधील असा लवाद द्यायला हवा. कॅनडाच्याच ओंटारिओ प्रांतात १९६५ पासून असा कायदा आहे. रुग्णालयातले कर्मचारी संप करू शकत नाहीत. तोडगा निघाला नाही तर प्रकरण लवादाकडे जातं आणि लवादाचा निर्णय मालकाला आणि कर्मचाऱ्यांना, दोघांनाही मानावा लागतो. त्याबद्दलही कुरबुरी आहेत, निकाल उशिरा लागतात, सरकारला खर्च जास्त वाटतो. पण एसटीने आलेली बाई रिकाम्या हाताने परत जात नाही.

आपण राहतो त्या अमिरातीतही संपाचा मार्ग कायद्याने खुला नाही. त्याऐवजी तक्रारीची पद्धत आहे. खासगी क्षेत्रात, म्हणजे बहुतेक खासगी रुग्णालयांतसुद्धा, तुमचा करार मनुष्यबळ मंत्रालयाकडे नोंदलेला असतो. कराराबाहेर काही घडलं तर तक्रार तिथे करायची. मंत्रालय आधी तडजोडीचा प्रयत्न करतं, १४ दिवसांत ती झाली नाही तर प्रकरण न्यायालयाकडे जातं, आणि २०२४ च्या सुरुवातीपासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं. अनेक कर्मचाऱ्यांचा मिळून वाद असेल तर त्यासाठी वेगळी सामूहिक तक्रारीची वाट आहे. सरकारी नोकऱ्यांना आणि काही फ्री झोनना वेगळे नियम लागू होतात, तेवढं लक्षात ठेवा.

या पद्धतीत एकत्र येऊन नव्या अटी मागण्याला फार जागा नाही, ही तिची मर्यादा. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी मार्डच्या मुलांना मिळत नाही. तक्रार केली की दिवस मोजायला सुरुवात होते आणि कुणाला तरी उत्तर द्यावंच लागतं. महाराष्ट्राला अमिरातीची किंवा ओंटारिओची नक्कल करायची गरज नाही. पण निवासी डॉक्टरांसाठी तासांची नोंद ठेवणारा स्वतंत्र अधिकारी, ठरलेल्या मुदतीत निर्णय देणारा लवाद, आणि सरकारने तारीख चुकवली तर आपोआप लागू होणारं व्याज किंवा दंड, एवढं झालं तर मेस्मा लावायला सरकारकडे नैतिक बळही येईल. तोपर्यंत 'संप करू नका' हे सांगणं सोपं आहे, पण 'मग काय करू?' याचं उत्तर आपल्यापाशी नाही.

पुढच्या वेळी बातमी आली की

पुढच्या संपाच्या बातमीवर मत बनवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, तातडीची सेवा आणि अतिदक्षता विभाग चालू आहेत का? नसतील तर डॉक्टरांनी रेघ ओलांडली, मागणी कितीही खरी असली तरी. दोन, ही पहिली पायरी आहे की शेवटची? आधी निवेदन, नोटीस, बैठका झाल्या का, आणि त्यांत काय लेखी मिळालं? तीन, मागणी रुग्णालय सुधारणारी आहे की फक्त धंदा वाचवणारी? ही उत्तरं सहसा त्याच बातमीच्या खालच्या परिच्छेदांत असतात. आपण शीर्षक वाचून भांडायला लागतो.

आणि घरच्यांसाठी थोडं व्यवहाराचं. आईबाबांची तपासणी सरकारी रुग्णालयात ठरलेली असेल आणि संपाची बातमी आली, तर निघण्याआधी विभागात फोन करून विचारायला सांगा. साखर, रक्तदाब, फिट यांच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या घरात असू द्या. फाइल, रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो तुमच्या मोबाइलमध्येही ठेवा. छातीत दुखणं, अर्धांगवायूची लक्षणं, अपघात, बाळंतपण, यांसाठी संप आहे म्हणून थांबायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि जायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत राज्यातल्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात खासगी रुग्णालयंही आहेत. आपल्या तालुक्याजवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे, हे आजच, सगळं शांत असताना, शोधून ठेवा.

संप मिटल्याची बातमी आली की ग्रुपवर सगळे विसरून जातात. खरं तर तेव्हाच विचारायला हवं की काय ठरलं, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती चुकली तर कोण उत्तर देणार. हा प्रश्न आमदाराला विचारायला इथून बसूनही येतो. एक ईमेल पुरतो. त्याला उत्तर नसेल, तर पुढच्या संपाची तयारी आत्ताच सुरू झाली आहे असं समजा.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर काळजी घ्या, आणि घरी एक फोन नक्की करा. नमस्कार.